चेतापेशीतली कॅल्शियम चॅनेल्स आणि न्यूरोट्रान्समीटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर भागातल्या मराठी घरांतून दरवर्षी बरीच मुलं एमबीबीएस, नर्सिंग आणि जीवविज्ञानाच्या बी.एस्सी.ला जातात. वर्गात इंग्रजी चालतं, २०२२ पासून मध्य प्रदेशात एमबीबीएसची हिंदी पुस्तकंही आली आहेत, पण अडलं की शंका घरच्या भाषेतच सुचते. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे अशा शंका माझ्याकडे सतत येत असतात. मुलांच्या असतात, त्यांच्या आईवडिलांच्याही असतात. त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधांविषयीचा मजकूर विषय समजावा म्हणून आहे. गोळी सुरू करणं किंवा बंद करणं तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

१. कॅल्शियम चॅनेल म्हणजे नक्की काय? पंप आणि चॅनेल एकच का?

एकच नाहीत. चॅनेल हे पेशीच्या पटलात आरपार रुतलेलं मोठं प्रथिन असतं आणि त्याच्या मधोमध अरुंद छिद्र असतं. पंप ऊर्जा खर्च करून आयनांना, म्हणजे विद्युतभारित कणांना, कमी प्रमाणाकडून जास्त प्रमाणाकडे ढकलतो. चॅनेल काहीच ढकलत नाही. ते उघडलं की आयन आपणहून उताराने जातात. कॅल्शियमच्या बाबतीत हा उतार फार तीव्र आहे. पेशीबाहेरच्या द्रवात कॅल्शियम आयन लिटरमागे साधारण १ ते १.५ मिलिमोल असतात, तर विश्रांतीतल्या चेतापेशीत सुमारे ०.०००१ मिलिमोल. म्हणजे बाहेर जवळजवळ दहा हजार पट जास्त.

या पानावर ज्या चॅनेल्सबद्दल बोलतो आहोत ती विद्युतदाबावर चालतात. विश्रांतीत पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ७० मिलिव्होल्टच्या आसपास ऋण असते आणि तेव्हा ती मिटलेली असतात. आवेग, म्हणजे चेतातंतूतून धावणारा विजेचा संकेत, आला, आतला ऋणभार उतरला, की ती उघडतात. बाहेर सोडियम कॅल्शियमच्या शंभर पट असूनही या छिद्रातून कॅल्शियमच जातं, कारण छिद्राच्या सर्वांत अरुंद भागात ग्लुटामेट या अमिनो आम्लाचे चार ऋणभारित गट बसलेले असतात आणि ते कॅल्शियमला सोडियमपेक्षा कितीतरी घट्ट धरतात.

२. चेतापेशीत वीजच धावते ना? मग मधेच रसायन कशाला?

कारण बहुतेक ठिकाणी दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मेंदूतल्या सिनॅप्समध्ये, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडणीत, सुमारे २० नॅनोमीटरची फट असते, चेतातंतू आणि स्नायू यांच्यात ती ५० नॅनोमीटरच्या आसपास असते. एवढी फट ओलांडायला एका पेशीने रसायन सोडायचं आणि दुसरीने ते ओळखायचं, अशी व्यवस्था आहे. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर हे दाखवलं. एका हृदयाच्या व्हेगस चेतेला उत्तेजन देऊन त्याचे ठोके मंद केले, त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर घातला, तर तेही मंद झालं. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन होतं. १९३६ चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं.

काही पेशी थेट नळ्यांनी जोडलेल्याही असतात. तिथे वीज सरळ पलीकडे जाते आणि या पानावरचं काहीच लागू होत नाही.

३. आवेग चेतातंतूच्या टोकाला पोचल्यापासून रसायन सुटेपर्यंत काय काय घडतं? क्रमाने सांगा.

टोकाशी न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे हेच संदेशवाहक रसायन, भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात, प्रत्येकीचा व्यास साधारण ४० ते ५० नॅनोमीटर. त्यांतल्या काही पटलाला लागून, अगदी तयारीत उभ्या असतात. आवेग येतो आणि पटलाचा विद्युतदाब सुमारे १०० मिलिव्होल्टनी वर जातो. कॅल्शियम चॅनेल्स उघडू लागतात. इथे एक बारकावा बहुतेकांच्या वहीत नसतो. आवेग शिखरावर असताना चॅनेल्स उघडी असली, तरी आतली बाजू धन झालेली असल्याने कॅल्शियमला आत ओढणारा जोर कमी असतो. आवेग उतरायला लागतो, आतली बाजू पुन्हा ऋण होते, चॅनेल्स अजून मिटलेली नसतात, आणि तेव्हा कॅल्शियमचा मोठा लोंढा आत शिरतो. म्हणून आवेग थोडा जरी लांबला तरी कॅल्शियम बरंच जास्त येतं. याचा औषधात कसा उपयोग होतो ते प्र. १३ मध्ये आहे.

आत आलेलं कॅल्शियम पिशवीवरच्या सिनॅप्टोटॅग्मिन या प्रथिनाला बांधलं जातं, पिशवीचं आवरण पेशीपटलाशी एकरूप होतं आणि आतलं रसायन फटीत सांडतं (प्र. ८). कॅल्शियम शिरल्यापासून पलीकडच्या पेशीत प्रतिसाद सुरू होईपर्यंतचा काळ स्क्विडच्या, म्हणजे कोकणातल्या माकुळीच्या कुळातल्या प्राण्याच्या, मोठ्या सिनॅप्समध्ये सुमारे ०.२ मिलिसेकंद मोजला गेला आहे. इतक्या कमी वेळात कोणतीही लांबलचक रासायनिक साखळी चालू शकत नाही. सगळं आधीच जुळवून ठेवलेलं असलं पाहिजे, हा निष्कर्ष या एका आकड्यातून निघतो.

४. आवेगात सोडियमही आत येतं. मग श्रेय कॅल्शियमलाच का? हे सिद्ध कसं झालं?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

धागा जुना आहे. १८८३ मध्ये लंडनच्या सिडनी रिंगर यांना दिसलं की नळाच्या पाण्यात बनवलेल्या क्षारद्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहतं, शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात बनवलेल्या द्रावणात थांबतं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. १८९४ मध्ये फ्रँक लॉक यांनी पाहिलं की कॅल्शियम काढून घेतलं तर चेतेचा संदेश स्नायूपर्यंत पोचत नाही. पण कॅल्शियम नेमकं कुठे लागतं, हे तेवढ्यावरून कळत नव्हतं. चेतेत? फटीत? की स्नायूवर?

ते बर्नार्ड कॅट्झ आणि रिकार्डो मिलेडी यांनी १९६० च्या दशकात उलगडलं. त्यांनी कॅल्शियम नसलेल्या द्रावणात बेडकाची चेता-स्नायू जोडणी ठेवली आणि अगदी बारीक नळीतून टोकाजवळ कॅल्शियमचा क्षणिक फवारा सोडला. फवारा आवेगाच्या जरा आधी सोडला तर रसायन सुटायचं, आवेगानंतर सोडला तर काहीच व्हायचं नाही. म्हणजे कॅल्शियम आवेगाच्या क्षणी तिथे हजर असणं गरजेचं होतं.

मग सोडियमचा प्रश्न. टेट्रोडोटॉक्सिन हे फुगू माशातलं विष सोडियम चॅनेल्स बंद करतं. कॅट्झ-मिलेडींनी स्क्विडच्या मोठ्या सिनॅप्सला हे विष दिलं. आवेग थांबला. त्यांनी इलेक्ट्रोडने टोकाचा विद्युतदाब थेट वर नेला आणि रसायन तरीही सुटलं. सोडियम आत येण्याची गरजच नव्हती. त्याहून सुंदर निरीक्षण पुढचं आहे. विद्युतदाब फार जास्त वर नेला तर रसायन सुटणं थांबायचं, आणि दाब पूर्ववत करताच सुटायचं. कॅल्शियमवरचा ओढीचा जोर नाहीसा होण्याइतका दाब चढवला की नेमकं हेच व्हायला हवं. १९७३ मध्ये मिलेडींनी शेवटचा दुवा जोडला. त्यांनी टोकाच्या आत थेट कॅल्शियम टोचलं, आणि आवेगाशिवाय रसायन सुटलं. पुढे रोडोल्फो लिनास यांनी त्याच स्क्विडच्या सिनॅप्समध्ये कॅल्शियमचा विद्युतप्रवाह मोजून वेळेचा हिशोब पक्का केला (प्र. ३).

परीक्षेत "कॅल्शियम आत येतं आणि रसायन सुटतं" असं एक ओळीचं उत्तर चालून जातं. पण त्या ओळीमागचे हे प्रयोग वाचा, कारण प्रत्येक प्रयोगाने एकेक पळवाट बंद केली आहे.

५. एल, एन, पी/क्यू, आर, टी या प्रकारांत दरवेळी गोंधळ होतो. रसायन सोडायला कोणतं लागतं?

मेंदूत आणि चेता-स्नायू जोडणीत मुख्य काम पी/क्यू आणि एन या प्रकारांचं. नव्या नामकरणात ती अनुक्रमे सीएव्ही २.१ आणि सीएव्ही २.२. काही ठिकाणी आर प्रकार, म्हणजे सीएव्ही २.३, हातभार लावतो. माणसाच्या स्नायूंपाशी जवळजवळ सगळा भार पी/क्यू वर असतो. वेदनेचा संदेश मज्जारज्जूत पोचवणाऱ्या तंतूंच्या टोकाशी एन प्रकार महत्त्वाचा आहे. ही विभागणी लक्षात ठेवली तर प्र. १३ आणि १४ आपोआप समजतील.

एल प्रकार हृदय, रक्तवाहिन्या आणि काही ग्रंथींमध्ये काम करतो. डोळा आणि कान मात्र अपवाद आहेत (प्र. १७). टी प्रकार कमी दाबालाच उघडतो आणि पेशीची लय ठरवतो. मेंदूच्या थॅलॅमस या भागातल्या या चॅनेल्सवर काम करणारं इथोसक्सिमाइड लहान मुलांच्या अ‍ॅबसेन्स प्रकारच्या, म्हणजे काही क्षण भान हरपणाऱ्या, फिट्समध्ये देतात.

६. बाहेरचं कॅल्शियम दुप्पट केलं तर रसायन दुप्पट सुटेल का?

बरंच जास्त सुटेल. १९६७ मध्ये डॉज आणि रहामिमॉफ यांनी बेडकाच्या चेता-स्नायू जोडणीत दाखवलं की कॅल्शियम कमी असतानाच्या टप्प्यात रसायनाचं प्रमाण कॅल्शियमच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. कॅल्शियम दुप्पट तर रसायन सुमारे १६ पट. कॅल्शियम निम्मं तर रसायन सोळाव्या हिश्शावर. त्यांनी लावलेला अर्थ असा की एक पिशवी फुटायला एकच कॅल्शियम आयन पुरत नाही, चारेक आयनांनी मिळून काम करावं लागतं. पुढे सिनॅप्टोटॅग्मिनची रचना कळली तेव्हा त्याच्या दोन भागांत मिळून कॅल्शियमच्या पाच जागा सापडल्या, आणि जुन्या आलेखाला आधार मिळाला.

ही वाढ अमर्याद नाही. कॅल्शियम पुरेसं झालं की तयार पिशव्यांची संख्याच आड येते आणि आलेख सपाट होतो.

७. चॅनेल आणि पिशवी यांच्यात किती अंतर असतं? त्याने एवढा काय फरक पडतो?

माझ्या मते या संपूर्ण विषयाचं मर्म इथे आहे. पेशीत कॅल्शियम किती आलं यापेक्षा ते कुठे आणि किती वेळ होतं, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

चॅनेल उघडल्यावर त्याच्या तोंडाशी, काही दहा नॅनोमीटरच्या परिसरात, कॅल्शियम क्षणभर विश्रांतीच्या शेकडो पट, कधी हजार पटीपर्यंत चढतं. चॅनेल मिटताच ते पांगून जातं. थोडं दूर गेलं की वाढ नगण्य. हिवाळ्यात रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जिलबीच्या कढईला लागून उभं राहिलं की चटका बसतो आणि दोन पावलं मागे सरलं की पुन्हा थंडी वाजते, तसंच. पिशवी त्या चटक्याच्या टप्प्यात असेल तरच फुटते. म्हणून टोकाशी आरआयएम आणि त्याच्या जोडीदार प्रथिनांची एक चौकट असते. ती चॅनेल्सना तयार पिशव्यांच्या शेजारीच धरून ठेवते. प्रयोगात ही प्रथिनं काढून टाकली की चॅनेल्स विखुरतात आणि रसायन सुटणं मंदावतं.

हे अंतर प्रत्यक्ष न बघता मोजायची एक हुशार रीत आहे. कॅल्शियमला धरणारी दोन रसायनं पेशीत सोडतात, बाप्टा आणि इजीटीए. दोघांची धरून ठेवण्याची ताकद जवळपास सारखी, पण बाप्टाचा वेग कितीतरी जास्त. चॅनेल आणि पिशवी अगदी शेजारी असतील तर मंद इजीटीए कॅल्शियमला वाटेत गाठूच शकत नाही, फक्त बाप्टा रसायन थांबवतं. दोघांनीही थांबलं, तर अंतर जास्त आहे असं समजायचं.

८. कॅल्शियमला ओळखून पिशवी फोडतं कोण?

ओळखणारं सिनॅप्टोटॅग्मिन. फोडणारी यंत्रणा स्नेअर प्रथिनांची: पिशवीवर सिनॅप्टोब्रेव्हिन, पेशीपटलावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. ही तिघं एकमेकांभोवती पीळ घालतात आणि दोन पटलांना इतकी जवळ खेचतात की ती मिसळायच्या बेतात येतात. कॉम्प्लेक्सिन हे छोटं प्रथिन या घडणीत मदत करतं आणि वेळेआधीचं मिसळणं रोखायलाही हातभार लावतं. कॅल्शियम बांधलेलं सिनॅप्टोटॅग्मिन पटलात रुततं आणि शेवटची पायरी पूर्ण होते. जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्यूडहॉफ यांना २०१३ चं नोबेल पेशीतल्या पिशव्यांच्या वाहतुकीच्या संशोधनासाठी मिळालं. त्यांपैकी कॅल्शियम ओळखण्याचा भाग स्यूडहॉफ यांचा.

९. काम झाल्यावर आतलं कॅल्शियम कुठे जातं?

बरंचसं आधी पार्व्हाल्ब्युमिन, कॅलबिंडिन यांसारख्या प्रथिनांना चिकटतं. मग पटलावरचे पंप आणि सोडियमशी अदलाबदल करणारी प्रथिनं ते बाहेर टाकतात. काही भाग पेशीतल्या साठ्यात आणि मायटोकाँड्रियात जातो. लागोपाठ आवेग आले तर थोडं कॅल्शियम मागे राहतं आणि पुढच्या वेळी रसायन जास्त सुटतं. याचा रुग्णावर दिसणारा परिणाम प्र. १३ मध्ये आहे.

१०. माझी आई बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन घेते. ते कॅल्शियम चॅनेल बंद करतं म्हणे. मग तिच्या मेंदूवर, स्नायूंवर परिणाम होईल का?

या कारणाने घाबरू नका. अ‍ॅम्लोडिपिन आणि निफेडिपिन ही औषधं एल प्रकारावर, मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या चॅनेल्सवर काम करतात. मेंदूत आणि स्नायूंपाशी रसायन सोडणारी चॅनेल्स पी/क्यू आणि एन प्रकारची आहेत (प्र. ५). नेहमीच्या मात्रेत त्यांच्यावर या औषधांचा प्रभाव पडत नाही. पायावर सूज, चेहरा गरम वाटणं, डोकं दुखणं हे त्रास होऊ शकतात, पण ते रक्तवाहिन्या सैल झाल्याने होतात. आईंना सूज जास्त वाटत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनाने सोडायला सांगू नका.

११. कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या तर स्मरणशक्ती वाढेल का? परीक्षेच्या दिवसांत मुलाला द्याव्यात का?

नाही. रक्तातलं कॅल्शियम पॅराथायरॉइड संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व मिळून अरुंद मर्यादेत सांभाळतात. निरोगी माणसाने जास्त खाल्लं तर ते बहुतांशी शोषलं जात नाही किंवा लघवीवाटे जातं. सिनॅप्सशेजारचं कॅल्शियम त्याने वाढत नाही. हाडांसाठी किंवा कमतरतेसाठी डॉक्टरांनी दिल्या असतील तर जरूर द्या.

१२. एक विसंगती वाटते. कॅल्शियम कमी झालं तर रसायन कमी सुटायला हवं, मग स्नायू ढिले पडायला हवेत. पण कॅल्शियम कमी झालेल्या माणसाच्या हातापायांना पेटके का येतात? आणि मॅग्नेशियम सल्फेट देताना मात्र स्नायू खरंच ढिले पडतात, ते का?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि दोन्ही अर्ध्या बाजू एकत्र पाहिल्यावरच उत्तर लागतं.

पेशीबाहेरचं कॅल्शियम आणखी एक काम करतं. पटलाच्या बाहेरच्या बाजूवरचे ऋणभार ते झाकून ठेवतं. ते कमी झालं की सोडियम चॅनेल्सना वाटतो तो विद्युतदाब बदलतो आणि ती किरकोळ निमित्ताने उघडू लागतात. चेतातंतू आपणहून आवेग सोडायला लागतात. आधी ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या, मग हाताची विशिष्ट वळण घेतलेली आकडी. ट्रूसो आणि श्व्होस्टेक या तपासण्यांमध्ये हेच बाहेर येतं. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याच्या हाताला मुंग्या येतात त्याचं कारणही जवळचं आहे: रक्त अल्कधर्मी होऊन मुक्त कॅल्शियम घटतं. मग रसायन कमी होत नाही का? प्रत्येक आवेगामागे थोडं कमी होतं. पण स्नायूपाशी एका आवेगाला गरजेपेक्षा बरंच जास्त अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं, त्यामुळे ही घट निभावून जाते, आणि आवेगांची संख्याच वाढलेली असते. त्यामुळे पेटके जिंकतात.

मॅग्नेशियमचं उलट आहे. तेही पटलावरचे भार झाकतं, म्हणजे तंतूंना शांत ठेवतं, आणि त्याच वेळी टोकाशी कॅल्शियमशी स्पर्धा करून त्याचं आत येणं कमी करतं. चौथ्या घाताचा नियम (प्र. ६) लक्षात घ्या: कॅल्शियमचं आत येणं थोडं घटलं तरी रसायन मोठ्या प्रमाणात घटतं. इंदूरच्या एम.वाय. रुग्णालयाच्या प्रसूती विभागात ड्यूटी लागलेल्या नर्सिंगच्या मुली विचारतात की गर्भारपणातल्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेट देताना दर वेळी गुडघ्याची प्रतिक्रिया का बघायची. रक्तातलं मॅग्नेशियम चढत गेलं की आधी ही प्रतिक्रिया जाते, त्याहून वर चढलं की श्वासाचे स्नायू दुबळे होतात. पहिली खूण वेळेत दिसली तर दुसरी टाळता येते. लघवीचं प्रमाण मोजतात कारण मॅग्नेशियम मूत्रपिंडातूनच बाहेर जातं. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवतात, आणि आता त्याचं कारण तुम्हाला पाठ करावं लागणार नाही.

१३. लॅम्बर्ट-ईटन आणि मायस्थेनिया दोन्हींत स्नायू दुबळे होतात. फरक कसा ओळखायचा?

मायस्थेनियात बहुतेक रुग्णांच्या शरीरातली प्रतिपिंडं स्नायूवरच्या अ‍ॅसिटिलकोलीनच्या ग्राहकांवर, म्हणजे ते रसायन ओळखणाऱ्या प्रथिनांवर, हल्ला करतात. रसायन पुरेसं सुटतं, ते घेणारे कमी असतात. पापण्या पडतात, दिवस चढत जाईल तसा थकवा वाढतो.

लॅम्बर्ट-ईटनमध्ये प्रतिपिंडं चेतातंतूच्या टोकावरच्या पी/क्यू चॅनेल्सवर जातात, म्हणून रसायनच कमी सुटतं. मांड्या-कंबरेतली ताकद आधी जाते, गुडघ्याची प्रतिक्रिया मंद होते, तोंड कोरडं पडतं. पण रुग्णाला दहा-पंधरा सेकंद स्नायू जोर लावून आवळायला सांगा: ताकद आणि प्रतिक्रिया थोडा वेळ सुधारतात. लागोपाठच्या आवेगांनी टोकात कॅल्शियम साचतं (प्र. ९) आणि उरलेली थोडी चॅनेल्सही पुरेशी पडतात. मायस्थेनियात अशी उभारी सहसा दिसत नाही.

या आजाराच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत फुप्फुसाचा स्मॉल-सेल कर्करोग असतो. त्या गाठीच्या पेशींवर हीच चॅनेल्स असतात आणि शरीर गाठीविरुद्ध उभं राहताना स्वतःच्या चेतांवरही घसरतं. म्हणून निदान झालं की छातीची तपासणी आलीच, विशेषतः बिडी-सिगरेट ओढणाऱ्याची. उपचारात अमिफॅम्प्रिडिन देतात. ते पोटॅशियम चॅनेल्स अडवतं, आवेग लांबतो आणि कॅल्शियमला आत यायला जास्त वेळ मिळतो (प्र. ३).

१४. प्रेगाबालिन आणि शंखाच्या विषापासून बनवलेलं औषध, दोन्ही वेदनेसाठी कॅल्शियम चॅनेलवरच काम करतात का?

दोन्ही करतात, पण वेगळ्या रीतीने. प्रेगाबालिन आणि गॅबापेन्टिन चॅनेलचं छिद्र अडवत नाहीत. चॅनेलसोबत अल्फा-२-डेल्टा नावाचा एक साथीदार घटक असतो आणि तो चॅनेलला टोकापर्यंत पोचायला मदत करतो. ही औषधं त्याला चिकटतात, त्यामुळे टोकाशी चॅनेल्स कमी पोचतात. झिकोनोटाइड हे शंखगोगलगाय वर्गातल्या कोनस मॅगस या समुद्री प्राण्याच्या विषातल्या पेप्टाइडची हुबेहूब नक्कल आहे आणि ते एन प्रकाराचं छिद्र थेट बंद करतं. अमेरिकेत डिसेंबर २००४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. ते मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातच द्यावं लागतं.

मॉर्फिनचाही एक हात इथे पोचतो. त्याचा ग्राहक जागा झाला की पेशीतला जी-प्रथिनाचा एक तुकडा एन आणि पी/क्यू चॅनेल्सना उघडायला अवघड करतो. शरीराची स्वतःची अनेक रसायनंही आपलं सुटणं याच मार्गाने आवरतात.

१५. मण्यार, बोटॉक्स आणि धनुर्वात: हे सगळे कॅल्शियम चॅनेल बंद करतात असं वाचलं. खरं का?

तिन्ही बाबतीत चूक. बोटॉक्स ज्या विषापासून बनतं त्या बोट्युलिनमचा ए प्रकार स्नॅप-२५ ला कापतो, धनुर्वाताचं विष सिनॅप्टोब्रेव्हिनला. कॅल्शियम नेहमीसारखं आत येतं, पण पिशवी फोडणारी यंत्रणाच तुटलेली असते (प्र. ८). दोघांचे परिणाम उलटे दिसतात कारण बोट्युलिनम स्नायूपाशी काम करतं, धनुर्वाताचं विष मज्जारज्जूत चढून आवर घालणाऱ्या पेशींना गप्प करतं.

पावसाळ्यात माळव्यात मण्यार चावल्याच्या बातम्या येतात म्हणून थोडं जास्त लिहिते. मण्यारीच्या विषातली बीटा-बंगारोटॉक्सिन गटातली प्रथिनं चेतातंतूच्या टोकाचं पटल पोखरतात आणि पिशव्यांचा साठा संपतो. टोक पुन्हा दुरुस्त व्हायला दिवस, कधी आठवडे लागतात. नागाच्या विषाचा मुख्य हल्ला पलीकडच्या ग्राहकांवर असतो. म्हणून नागदंशात निओस्टिग्मिनचा, म्हणजे सुटलेलं अ‍ॅसिटिलकोलीन फटीत जास्त वेळ टिकवणाऱ्या औषधाचा, उपयोग होतो तसा मण्यारीच्या दंशात सहसा होत नाही, आणि श्वासाच्या यंत्राचा आधार लागू शकतो. दंशाची जागा दुखत नाही, खूणही दिसत नाही, तरी थांबू नका. रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात न्या.

१६. आवेग नसताना रसायन सुटतं का?

सुटतं. १९५० च्या सुमारास पॉल फॅट आणि कॅट्झ यांना शांत स्नायूपाशीही अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचे छोटे झटके दिसले. १९५४ मध्ये डेल कॅस्टिलो आणि कॅट्झ यांनी दाखवलं की मोठा प्रतिसाद अशाच ठरावीक मापाच्या तुकड्यांचा बनलेला असतो. एक तुकडा म्हणजे एक पिशवी. या आपोआप फुटण्याचा काही भाग चॅनेल्सच्या योगायोगाने उघडण्यामुळे होतो, पण बाहेरचं कॅल्शियम काढून घेतलं तरी ते पूर्ण थांबत नाही. याशिवाय आवेगानंतर थोडं रेंगाळून होणारं सुटणंही असतं. त्यात सिनॅप्टोटॅग्मिन-७ सारखी, कमी कॅल्शियमलाही प्रतिसाद देणारी प्रथिनं लागतात.

१७. डोळ्यात आणि कानात एल प्रकार कसा चालतो? आणि मग अ‍ॅम्लोडिपिनने दृष्टी का जात नाही?

डोळ्यातल्या प्रकाशपेशी आणि कानातल्या केशपेशी आवेग सोडत नाहीत. त्या कमी-जास्त होणारा संकेत अखंड पाठवतात. प्रकाशपेशी तर अंधारातच सतत ग्लुटामेट (इथे ते न्यूरोट्रान्समीटर म्हणून काम करतं) सोडत असतात आणि उजेड पडला की ते घटतं. असं तासन्‌तास उघडं राहायला लवकर न थकणारं चॅनेल लागतं. डोळ्यात ते सीएव्ही १.४ आहे, कानात सीएव्ही १.३. सीएव्ही १.४ च्या जनुकात बिघाड झाला तर जन्मजात रातांधळेपणाचा एक प्रकार होतो. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो मुख्यतः मुलग्यांत दिसतो. हा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेतला रातांधळेपणा नव्हे, त्यामुळे गाजर किंवा औषधाच्या थेंबांनी तो बरा होत नाही. अ‍ॅम्लोडिपिनच्या गटातली औषधं रक्तवाहिन्यांतल्या सीएव्ही १.२ ला जितकी घट्ट धरतात तितकी या दोघांना धरत नाहीत, म्हणून दृष्टी आणि श्रवण शाबूत राहतात.

१८. पी/क्यू चॅनेलचं एकच जनुक. त्यातून अर्धांगासारखा मायग्रेन, तोल जाण्याचे झटके आणि हळूहळू वाढणारा तोलाचा आजार, तिन्ही कसे होतात?

जनुक एकच, सीएसीएनए१ए. बिघाड कुठे आणि कसा यावर सगळं अवलंबून आहे. १९९६ मध्ये पहिल्या दोन आजारांचं मूळ या जनुकात सापडलं. आनुवंशिक हेमिप्लेजिक मायग्रेनच्या पहिल्या प्रकारात प्रथिनातलं एखादं अमिनो आम्ल बदलतं आणि चॅनेल कमी दाबालाच उघडू लागतं. ग्लुटामेट जास्त सुटतं आणि मेंदूच्या सालीवर झटक्याची लाट पसरणं सोपं होतं. तोल जाण्याच्या झटक्यांच्या दुसऱ्या प्रकारात बहुधा प्रथिन अर्धवटच बनतं, म्हणून चॅनेल्स कमी पडतात. लहान मेंदूतल्या पुर्किन्ये पेशी जवळजवळ पूर्णपणे याच चॅनेलवर विसंबून असल्याने पहिला फटका तोलाला बसतो. अ‍ॅसिटाझोलामाइडने अनेकांचे झटके आवरतात. १९९७ मध्ये कळलेल्या तिसऱ्या आजारात, म्हणजे एससीए-६ मध्ये, जनुकातला सीएजी हा तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा येतो आणि पुर्किन्ये पेशी वर्षानुवर्षांत मरत जातात.

एकाच घरात कुणाला मायग्रेन आणि कुणाला तोलाचे झटके, असंही दिसतं. घरात अशी माणसं असतील तर न्यूरॉलॉजिस्टना फक्त स्वतःचा त्रास सांगू नका. आजोबा, आत्या, चुलत भावंडं, ज्यांना ज्यांना असं काही झालं त्यांची यादी सोबत न्या. जनुकाची तपासणी करायची का, हे ठरवायला तिचा थेट उपयोग होतो.